सायन्समध्ये पुढे शिकायचंय: एमएस्सी-पीएचडीच्या अर्जांबद्दल खान्देशातली पोरं-पोरी नेहमी विचारतात ते प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची पोरं दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबर आला की तेच तेच प्रश्न विचारतात, आणि मीही तीच तीच उत्तरं टाईप करत बसतो, म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवतोय. हे फक्त बीएस्सी-एमएस्सीवाल्यांसाठी आहे. फी आणि तारखा दरवर्षी थोड्या इकडेतिकडे होतात, त्या अधिकृत साईटवरच बघायच्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफवर नाही.

बीएस्सी झालं की आधी एमएस्सी करू की डायरेक्ट पीएचडीला जाता येतं?

दोन्ही होतं. भारतात नेहमीचा रस्ता म्हणजे तीन वर्षांची बीएस्सी, दोन वर्षांची एमएस्सी आणि मग पीएचडी. पण बंगळुरूच्या आयआयएस्सीत (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) आणि काही आयसरमध्ये (केंद्राच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) इंटिग्रेटेड पीएचडी असते, तिथे बीएस्सीनंतरच घेतात आणि एमएस्सी वाटेतच होऊन जाते. शिवाय यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे चार वर्षांची डिग्री असेल आणि किमान ७५ टक्के असतील तर पीएचडीला अर्ज करता येतो. हे नवीन पॅटर्नवाल्यांनी नीट लक्षात ठेवा, चौथं वर्ष करायचं की तीन वर्षांत बाहेर पडून एमएस्सी धरायची हा निर्णय तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीआधीच झालेला बरा.

जॅम म्हणजे नक्की काय भाऊ, आणि आमच्या कॉलेजात कुणाला माहीतच कसं नाही?

माहीत असतं, पण सांगायला कुणाला वेळ नसतो. जॅम ही आयआयटीत एमएस्सीला जायची परीक्षा. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स, बायोटेक्नॉलॉजी, जिऑलॉजी आणि इकॉनॉमिक्स असे सात पेपर, त्यातला आपला निवडायचा. तीन तास, ६० प्रश्न, १०० मार्क, सगळं कॉम्प्युटरवर आणि सगळं इंग्लिशमध्ये. निगेटिव्ह मार्किंग फक्त एकच पर्याय बरोबर असलेल्या एमसीक्यूला असतं, आकडा टाईप करायच्या प्रश्नांना नसतं, त्यामुळे ते वीस प्रश्न कोरे सोडून येणारा माणूस मला कळत नाही. फायनल इयरला असतानाच परीक्षा देता येते, स्कोअर त्याच वर्षीपुरता चालतो. याच स्कोअरवर एनआयटीतल्या एमएस्सीच्या जागा सीसीएमएन नावाच्या वेगळ्या काउन्सेलिंगमधून मिळतात, त्याचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, आणि आयआयटीत नंबर लागला नाही म्हणून रडत बसलेली पोरं नेमका हाच फॉर्म विसरतात.

एक भानगड आधीच सांगतो. केमिस्ट्रीला काही आयआयटी बारावीला गणित मागतात. आपल्याकडे मेडिकलच्या नादात बारावीला गणित सोडलेली पोरं ढीगभर आहेत. पेपर देण्याआधी प्रत्येक संस्थेची पात्रता उघडून वाचा, नाहीतर रँक येऊनही दार बंद.

तयारी आणि फॉर्मचं नक्की टाईमटेबल काय?

इथेच आपलं घोडं अडतं, अभ्यासात नाही. जॅमचे फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, परीक्षा फेब्रुवारीत. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा डिसेंबरच्या आसपास, फिजिक्सवाल्यांची पीएचडी प्रवेशाची जेस्ट फेब्रुवारी-मार्चकडे, केंद्रीय विद्यापीठांतल्या एमएस्सीसाठीची सीयूईटी पीजी साधारण मार्चमध्ये, आणि पीएचडी फेलोशिप व प्राध्यापकीसाठीची सीएसआयआर नेट वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या नावाने. अमेरिकेतल्या पीएचडीच्या बहुतेक डेडलाईन डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. जर्मनीत हिवाळी सेमिस्टरला साधारण १५ जुलै, पण परदेशी विद्यार्थ्यांसाठी बऱ्याच ठिकाणी त्याआधीच बंद होतं.

आता हे आपल्या घरच्या कॅलेंडरवर ठेवून बघा. ऑक्टोबरात कापूस अजून शेतात असतो, वेचणी नुकती सुरू, पैसा हातात यायला दिवाळी उलटते, आणि भाव बरा नसला तर घरात गंजी लावून जानेवारीपर्यंत थांबतात. म्हणजे "कापूस विकला की फी भरू" असं म्हणणाऱ्याचा जॅमचा फॉर्म गेला आणि अमेरिकेचाही गेला. म्हणून फीचे पैसे जून-जुलैमध्येच बाजूला काढा, पेरणीच्या खर्चात ते गेले की परत येत नाहीत. जॅमची फी मुलींना आणि एससी, एसटी, दिव्यांग विद्यार्थ्यांना निम्मी असते, ती सवलत न बघता पूर्ण फी मनात धरून फॉर्मच न भरलेल्या मुली मला माहीत आहेत.

सायबर कॅफेवाल्याकडून फॉर्म भरला तर चालतं का?

चालतं, पण ईमेल आणि मोबाईल नंबर स्वतःचाच टाका. कॅफेवाला दादा घाईत स्वतःचा ईमेल टाकतो, मग चार महिन्यांनी अ‍ॅडमिट कार्ड, ऑफर, सगळं त्याच्या इनबॉक्समध्ये जातं आणि तोवर त्याने पासवर्ड बदललेला असतो नाहीतर दुकान विकलेलं असतं. खरं तर आज मोबाईलवर सगळं होतं, फक्त फोटो आणि सहीची साईज बसवायला जरा डोकं लागतं. जमेल, स्वतः करा.

ओबीसीचं सर्टिफिकेट आहे, मग अजून काय पाहिजे?

घरात लॅमिनेट करून ठेवलंय ते राज्याचं असतं. आयआयटी, आयसर, सीएसआयआर ह्या केंद्राच्या, त्यांना केंद्र सरकारच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमी लेयर लागतं, आणि ते चालू आर्थिक वर्षातलं, म्हणजे १ एप्रिलनंतरचं मागतात. राज्याची यादी आणि केंद्राची यादी वेगळी आहे, आपली जात दोन्हीकडे आहे का ते आधी बघा, अगदी त्याच नावाने आणि त्याच स्पेलिंगने. ईडब्ल्यूएसचंही तसंच, दरवर्षी नवीन. सेतूत अर्ज देताना "केंद्राच्या नमुन्यात" हे दोनदा सांगा, नाहीतर तिथला माणूस सवयीने राज्याचंच काढून देतो.

आमचं कॉलेज तालुक्याचं, डिग्री उमविची. पुण्या-मुंबईच्या पोरांसमोर आपलं काय होणार?

परीक्षेच्या स्कोअरला कॉलेजचं नाव माहीत नसतं. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० पासून आहे, बाहेरच्या संस्थांना ते काही अनोळखी नाही. फरक पडतो तो दुसरीकडे. पुण्यातल्या पोराला सेकंड इयरलाच सीनियरकडून कळतं की विज्ञान अकादमींची समर फेलोशिप असते, तिचे अर्ज नोव्हेंबरच्या आसपास निघतात आणि दोन महिने एखाद्या चांगल्या लॅबमध्ये काम करायला मिळतं, वर पैसेही मिळतात. आपल्याकडे हे थर्ड इयर संपल्यावर कळतं. म्हणून सेकंड इयरवाल्यांनो, तुम्ही हे वाचत असाल तर आत्ताच उठा. त्या दोन महिन्यांतून जे शिफारसपत्र मिळतं त्याचं वजन वर्गातल्या कुठल्याही मार्कांपेक्षा जास्त.

बीएस्सीला ५८ टक्केच आहेत. सोडून देऊ का?

नाही. बऱ्याच ठिकाणी ५५ किंवा ६० ची अट असते, आरक्षित वर्गाला ५ टक्के सूट. ५८ वर काही दारं बंद होतील, काही उघडी राहतील, एमएस्सीला मार्क वर काढले तर पीएचडीला कुणी बीएस्सीचं फार उगाळत नाही. बॅकलॉग लपवू नका. आणि टक्क्यांचं चारच्या जीपीए स्केलवर स्वतःच्या मनाने रूपांतर करू नका, अर्जात जसे आहेत तसे टाका.

रेकमेंडेशन लेटर कुणाकडून घ्यायचं? सर म्हणतात तूच लिहून आण, मी सही करतो.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. परदेशात साधारण तीन पत्रं लागतात, भारतात दोन, कुठे कुठे मुलाखतीपर्यंत लागतच नाहीत. प्राचार्य, संस्थेचे चेअरमन, आमदार यांची पत्रं नकोत. खरंच नकोत. समितीला एवढंच बघायचं असतं की ज्या माणसाने तुला लॅबमध्ये काम करताना पाहिलंय त्याचं काय मत आहे, आणि आमदारसाहेबांनी तुला टायट्रेशन करताना पाहिलेलं नाही.

"तूच लिहून आण" म्हणणारे सर वाईट नसतात, त्यांच्याकडे शंभर पेपर तपासायचे असतात, नॅकचं काम असतं, इलेक्शन ड्युटी असते. पण तू लिहिलेलं पत्र आणि तुझं एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे का आणि काय शिकायचंय ते सांगणारं अर्जासोबतचं लिखाण) यांची भाषा एकच निघते, चुकासुद्धा त्याच, आणि तीनही पत्रं तूच लिहिलीस तर तिन्ही एका सुरात बोलतात, ते वाचणाऱ्याला दोन मिनिटांत कळतं. त्यापेक्षा सरांना एक पान द्या. त्यावर मुद्दे: कुठल्या वर्षी कुठला विषय शिकवला, त्यात मार्क किती, प्रोजेक्टचं नाव काय, त्यात मी नेमकं काय केलं, कुठे अडलो आणि कसा सुटलो, सरांना आठवेल असा एखादा प्रसंग, आणि खाली कुठल्या विद्यापीठाची डेडलाईन कधी. आणि म्हणा, "सर, तुम्हाला लिहायला सोपं जावं म्हणून आठवणीसाठी आणलंय, पण शब्द तुमचेच असू द्या." बहुतेक सर याला नाही म्हणत नाहीत, उलट बरं वाटतं त्यांना.

परदेशातल्या अर्जात पत्र तुमच्या हातात येत नाही, सरांच्या ईमेलवर लिंक जाते आणि ते तिथे अपलोड करतात. लिंक स्पॅममध्ये जाते, सरांना वाटतं आलीच नाही, तुम्हाला वाटतं सर टाळून राहिले. कॉलेजचा अधिकृत ईमेल असेल तर तोच द्या, जीमेलकडे काही ठिकाणी संशयाने बघतात. सरांना पोर्टलची सवय नसेल तर शेजारी बसून लिंक कुठे दाबायची ते दाखवा, मग खोलीबाहेर या. पत्र स्वतः वाचू नका. "मी हे पत्र बघण्याचा हक्क सोडतो" अशी टिक असते, ती करून द्या. आणि डेडलाईनच्या महिनाभर आधी सांगा, आदल्या रात्री फोन करून नाही.

एसओपी कसं लिहायचं? नेटवरचा नमुना वापरू का?

नमुना वापराल तर "लहानपणापासून मला आकाशातल्या ताऱ्यांचं कुतूहल होतं" असंच सुरू होईल, आणि त्या समितीने त्या दिवशी तसलीच चाळीस वाचलेली असतील. तुमचं काम सांगा. एक उदाहरण देतो. मायक्रोबायोलॉजीची एक मुलगी, रावेरकडची, तिचा प्रोजेक्ट केळीच्या पानावरच्या करप्यावर. पहिल्या मसुद्यात तिने लिहिलं होतं की मी कष्टाळू आहे, मला संशोधनाची प्रचंड आवड आहे, आपल्या प्रतिष्ठित संस्थेत मला संधी मिळावी. याच्यातून काय कळलं? काहीच नाही. मग बोलता बोलता कळलं की बागेतून आणलेल्या पानांचे तुकडे तिने पहिल्यांदा प्लेटवर ठेवले तर सगळीकडे भलतीच काळी बुरशी उगवली, करप्याची आलीच नाही. मग तिने तुकडे सोडियम हायपोक्लोराइटमध्ये वेगवेगळा वेळ बुडवून बघितले, कमी वेळ ठेवलं तर बाहेरची बुरशी मरत नव्हती, जास्त ठेवलं तर आतली पण मरत होती, शेवटी मधला एक वेळ जमला आणि तुकडाही डागाच्या मधोमध न घेता कडेचा घ्यायला लागली. मी म्हटलं, ताई, हेच लिही, हेच एसओपी आहे. तिला वाटत होतं ही तर साधी गोष्ट, हे कुणी लिहितं का. संशोधन म्हणजे हेच असतं की.

त्यानंतर एक परिच्छेद पुढे काय करायचंय, आणि एक परिच्छेद याच विभागात का, तिथे कोण काय काम करतंय आणि तुमचं त्याच्याशी कुठे जुळतं. शेतकरी घर, वडील वारले, पहिल्या पिढीचं शिक्षण, हे सांगायला हरकत नाही, दोन ओळीत सांगा, पण त्यावरच अख्खं पान नको. एआयकडून लिहून घेतलेलं लगेच ओळखू येतं, स्पेलिंग-व्याकरण तपासायला वापरा, विचार तुमचे राहू द्या.

परदेशातल्या प्रोफेसरला मेल टाकायची का?

युरोपात बहुतेक वेळा हो, तिथे पीएचडी म्हणजे जाहिरात निघालेली नोकरीच असते. अमेरिकेत विभागानुसार, काही ठिकाणी निवड समिती करते, मेलचा उपयोग नसतो. मेल छोटी ठेवा, आठ-दहा ओळी, त्यांच्या एका पेपरबद्दल एक खरा प्रश्न किंवा निरीक्षण, तुमचं काम दोन ओळीत, सीव्ही जोडलेला. "रिस्पेक्टेड सर" लिहून तीच मेल दोनशे जणांना पाठवली की ती दोनशे कचरापेट्यांत जाते. उत्तर आलं नाही तर दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण करून द्या, नंतर सोडा.

अमेरिकेत पीएचडी म्हणजे चाळीस-पन्नास लाख लागतील ना?

नाही, आणि हा गैरसमज घरोघरी आहे. सायन्समधली पीएचडी तिथे साधारण फंडेड असते, म्हणजे ट्यूशन माफ आणि वर महिन्याचा स्टायपेंड, त्या बदल्यात विद्यार्थ्यांची लॅब घ्यायची किंवा प्रोफेसरच्या प्रोजेक्टवर काम करायचं. पैसे लागतात ते मास्टर्सला, तिथे फी स्वतःची. माझं स्पष्ट मत, बेसिक सायन्सच्या मास्टर्ससाठी शेत गहाण टाकून जाऊ नये, त्याच पोराने पीएचडीला अर्ज करावा. हो, तिथे बीएस्सीनंतरही पीएचडीला घेतात, पण बऱ्याच ठिकाणी चार वर्षांची डिग्री मागतात, म्हणून तीन वर्षांच्या बीएस्सीवाल्याने एमएस्सी करून जाणं सोयीचं.

खर्च होतो तो अर्जांना. एका अर्जाला साधारण ७५ ते १२५ डॉलर, वर व्हिसाआधी भरायची सेव्हिसची, म्हणजे अमेरिकी सरकारच्या विद्यार्थी-नोंदणीची, ३५० डॉलर फी. अर्जाची फी माफ करा असं ग्रॅज्युएट ऑफिसला नम्रपणे मेल करून मागता येतं, बरीच विद्यापीठं देतात. मागायला लाजू नका. मार्कशीट-ट्रान्सक्रिप्टचं म्हणाल तर अर्जाच्या वेळी बहुतेक ठिकाणी स्कॅन चालतो, सीलबंद अधिकृत प्रत ऑफर आल्यावर, तरी विद्यापीठात ट्रान्सक्रिप्टचा अर्ज वेळेत टाकून ठेवा.

जीआरई द्यायलाच लागते का?

जीआरई म्हणजे परदेशातल्या मास्टर्स-पीएचडीसाठीची प्रवेश परीक्षा, आता बऱ्याच सायन्स विभागांनी ती काढून टाकलीय. आधी विभागाचं पान बघा, मग वीस हजारांच्या पुढची फी भरा. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा छोटी झालीय, दोन तासांच्या आत संपते, स्कोअर पाच वर्षं चालतो. टोफेल किंवा आयईएलटीएस या इंग्लिशच्या परीक्षांचा दोन वर्षं.

जर्मनी फुकट आहे म्हणतात, खरंय?

शिक्षण बऱ्यापैकी फुकट, राहणं नाही. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत ट्यूशन फी नाही, बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो. पण मास्टर्सच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, ते तुमचेच पैसे असतात, महिन्याला थोडे थोडे परत मिळतात, पण आधी उभे करावे लागतात. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस सर्टिफिकेट (तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) बंधनकारक आहे, त्याला वेळ लागतो, आधी तेच सुरू करा. पीएचडीला पगार असतो.

कन्सल्टन्सीवाले लाख-दीड लाखात सगळं करून देतो म्हणतात.

सायन्स पीएचडीसाठी गरज नाही. त्यांना कमिशन ज्या विद्यापीठांकडून मिळतं तीच ते सुचवतात, आणि ती जवळजवळ नेहमी फी भरायच्या मास्टर्सची असतात. एसओपीही तेच लिहून देतात, म्हणजे तुमचं आणि तुमच्या मागच्या वीस जणांचं एकच.

शिष्यवृत्त्या कुठल्या आहेत?

भारतात पीएचडीला सीएसआयआर किंवा यूजीसीची जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,०००, वर घरभाडं. राज्यात पीएचडीसाठी फेलोशिप देणाऱ्या सरकारी संस्था म्हणजे बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय, आपापल्या प्रवर्गाप्रमाणे, यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं लागतं. परदेशासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे, त्यात विद्यापीठाच्या जागतिक रँकिंगची अट असते. नंदुरबार, शिरपूर, चोपड्याकडच्या आदिवासी पोरापोरींसाठी आदिवासी विकास विभागाची परदेशी शिष्यवृत्ती आहे, आणि देशातल्या पीएचडीसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप, वर्षाला ७५० जागांची. उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता आधी तयार पाहिजे, वैधतेला कधी कधी महिने जातात.

मुलाखतीत इंग्लिश फाटतं. काय करू?

इंग्लिशसाठी कुणी नापास करत नाही, गप्प बसण्यासाठी करतात. फळ्यावर चित्र काढा, समीकरण लिहा, मोडक्या वाक्यात बोला. ते सहसा विचारतात आवडता विषय कोणता, आणि मग तिथूनच खोल खोल जातात, म्हणून "क्वांटम" असं भारी वाटावं म्हणून सांगू नका. प्रश्न साधे असतात: बंद खोलीत फ्रीजचं दार उघडं ठेवलं तर खोली गार होईल का? घाईत हो म्हणणारे खूप. फ्रीज आतली उष्णता मागून त्याच खोलीत सोडतो आणि वर वीज खातो, त्यामुळे खोली उलट गरम होते. केमिस्ट्रीवाल्यांना फिनॉल अ‍ॅसिडिक का. येत नसेल तर "माहीत नाही, पण असा विचार करून बघतो" म्हणा, हेच त्यांना बघायचं असतं.

मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळं. अडचण होईल?

होते. आपल्या मार्कशीटवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव, कुठे आईचंही नाव असा क्रम असतो, परदेशातलं पोर्टल पहिल्या शब्दाला नाव समजतं आणि तुमचं नाव "पाटील" होऊन बसतं. खान्देशात तेवढ्याने माणूस ओळखणं कठीणच. पासपोर्ट आधी काढा आणि पुढे सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच भरा, स्पेलिंगमध्ये फरक असेल तर प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

मी मुलगी आहे, घरचे म्हणतात लग्न ठरवू, एवढ्या लांब कशाला.

भांडू नका, आकडे दाखवा. फी किती, हॉस्टेल आवारातच आहे का, महिन्याला स्टायपेंड किती. नानांना, म्हणजे वडिलांना, त्या संस्थेत शिकणाऱ्या एखाद्या आपल्याकडच्या मुलीशी फोनवर बोलायला लावा, शक्य असेल तर एकदा नेऊन दाखवा, पुणे रात्रीच्या गाडीने सकाळी येतं. स्टायपेंडचा आकडा ऐकून मत बदललेले वडील मी पाहिलेत.

यंदा कुठेच नाही लागलं तर?

उमविच्या विभागात किंवा जवळच्या चांगल्या कॉलेजात एमएस्सी धरा आणि तिथून नेट, गेट, परदेश, सगळं पुन्हा खुलं आहे. एक वर्ष ड्रॉप घ्यायचा तर घरी बसून नाही, एखाद्या लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागा. आयसर आणि काही संस्था जानेवारीतही पीएचडीला घेतात, तीही जाहिरात बघत राहा.

दोन ठिकाणांहून ऑफर आली, कुठली घेऊ?

संस्थेच्या नावाआधी गाईड बघा. त्यांच्या सध्याच्या आणि जुन्या विद्यार्थ्यांना वेगवेगळं गाठून विचारा: पीएचडीला किती वर्षं लागली, पेपरवर नाव कुणाचं आधी, सुट्टी मागितली तर काय होतं. कुणी "सर चांगले आहेत" एवढंच म्हणून फोन ठेवला तर जरा अजून चौकशी करा. अमेरिकेतली फंडेड ऑफर असेल तर बहुतेक विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत विचार करायला देतात, कुणी त्याआधी घाई केली तर ग्रॅज्युएट ऑफिसला मेल करून ही तारीख विचारा. आणि जी ऑफर नको असेल तिला लवकर नाही कळवा, वेटिंग लिस्टवर आपल्यासारखंच कुणीतरी रोज मेल उघडून बघत असतं.